गोळ्या मी आणल्या होत्या, ताई

ताई, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. भाजी चिरताना, मौद्याच्या बसमध्ये, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना. पोरं विचारतात, "मॅडम, काय म्हटलं?" मी म्हणते, काही नाही, लिहा. या भांडणात तुझी बाजूही मलाच मांडावी लागते. तू असतीस तर मला एकसुद्धा वाक्य पुरं करू दिलं नसतंस.

पेपरात द्यायचा मजकूर तुझ्या जावयांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं लिहिला. जन्म, नोकरी, आजार, मागे कोण कोण. सगळं बरोबर आहे त्यात. मला जे सांगायचं आहे ते त्या चौकटीत मावणारं नव्हतं, आणि तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत मला सात वर्षांत झाली नाही.

उमरेड-नागपूर गाडीवर तू कंडक्टर होतीस तेव्हाचा तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. गाडी कितीही भरलेली असो, तो मागच्या सीटपर्यंत जायचा. "सरका ना गा मांगं! मांगं काय वाघ बसून राहिला?" माणसं हसत सरकायची. बाईमाणूस कंडक्टर म्हणून कोणी खवचट बोललं, तर त्याला तू पुढच्या थांब्यापर्यंत असं काही ऐकवायचीस की तो उतरताना 'येतो ताई' म्हणून जायचा. लग्न मोडून तू परत आलीस तेव्हा मी बारावीत होते. आई-बाबांच्या माघारी तूच मला शिकवलंस. पुढे माझं लग्न झालं, घर झालं, तेव्हा वरची खोली तुझी, हे कोणी कोणाला विचारलंही नाही.

तुझं डोकं दुखायचं. रुमाल घट्ट बांधून तू ड्यूटीवर जायचीस. डेपोतल्या तपासणीत बी.पी. निघालं, त्यामागोमाग रक्त तपासलं, आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसल्या. किती वर्षं ते बी.पी. आतल्या आत काम करत होतं, कोणास ठाऊक. डॉक्टरांनी एक कागद दिला. मीठ कमी, पाणी मोजून, फॉस्फरस कमी. मीठ आपल्याला कळलं, पाणी कळलं. फॉस्फरस म्हणजे, मी विज्ञानाची शिक्षिका असूनही, माझ्यासाठी पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यातला एक चौकोन होता. तो डाळीत असतो, दुधात असतो, दाण्यांत असतो, आणि पाकिटातल्या खाण्यात, काळ्या थंड पेयात तर मुद्दाम घातलेला असतो, हे आपण वाचलं आणि कागद फ्रिजवर चिकटवून दिला.

तेव्हा तुझ्या टाचा दुखायच्या, पिंढऱ्या दुखायच्या, कंबर धरायची. दिवसभर हलत्या गाडीत उभं राहून कोणाची नाही दुखणार? मी सहावीला दरवर्षी शिकवते, हाडांना कॅल्शियम लागतं. म्हणून मी शाळेतून येताना मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. त्यात जीवनसत्त्व डी पण होतं. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि वरून पेलाभर दूध.

"हे गोळी कायची होय वं, वंदे?" तू विचारलंस.

"हाडं पक्के होतात त्यानं."

"मंग दे. माणूस हाडावरच तं उभा राह्यते."

एवढाच तुझा विचार. वंदना शिकलेली आहे, वंदना सांगते म्हणजे बरोबर असेल. पहिली पाकिटं संपली, दुसरी आली. काही वर्षं हे चाललं. डॉक्टरांकडे जाताना आपण औषधांची यादी न्यायचो, त्या यादीत या गोळ्या कधी लिहिल्या नाहीत. लपवायचं म्हणून नव्हे. मला त्या औषध वाटल्याच नाहीत. सणाला बहिणीसाठी काही आणावं, तसं वाटायचं मला ते.

मग डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. गाडीवरची ड्यूटी सुटली आणि तू डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसू लागलीस. तिथूनही तुझा आवाज फलाटाच्या टोकापर्यंत जायचाच.

जिन्यावरून पडलीस तो दिवस मी कितीदा आठवून पाहिला असेल. मनगट सुजलं होतं. आपण एक्स-रे काढला आणि तो घेऊन तसेच डायलिसिसच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. "हाड मोडलेलं नाही," ते म्हणाले. आपण दोघी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बोटांच्या हाडांच्या बाजूनं, तळव्यातून, मनगटाकडं बारीक पांढऱ्या रेघा चालल्या होत्या. जोडीजोडीनं, वळणं घेत.

"या तुमच्या रक्तवाहिन्या," ते म्हणाले. "साध्या एक्स-रेत त्या दिसायला नकोत."

मी विचारलं, मग दिसतात का? त्यांनी फार समजावून सांगितलं. किडनी बिघडली की फॉस्फरस बाहेर पडत नाही, रक्तात साचतो. गळ्यातल्या छोट्या ग्रंथी त्यामुळे चेकाळतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढतात. हाडं आतून पोकळ होत जातात, दुखतात. आणि तेच कॅल्शियम, फॉस्फरसला धरून, रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं. नुसतं बसत नाही, तिथल्या मऊ पेशी हळूहळू हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. रबरासारखी नळी ताठ होते. हृदयाला मग प्रत्येक ठोका भिंतीवर मारावा लागतो.

मी विचारलं, "काढता येतं का हे?"

"एकदा बसलं की निघत नाही. पुढं बसू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे." मग त्यांनी फाइल उघडली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बाहेरून कॅल्शियमच्या गोळ्या वगैरे घेत होता का? स्वतःच्या मनानं?"

ताई, माझं तोंड उघडलं होतं. शब्द यायचे होते. तेवढ्यात तू बोललीस.

"हाव. मीच घेत होती. हाडं दुखे ना माहे. मेडिकलवाल्याकडून आणून घेत होती."

डॉक्टर म्हणाले, "विचारायचं होतं ना आम्हाला."

"चुकलं साहेब," तू म्हणालीस, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

एक वाक्य होतं फक्त. 'ताई नाही, मी आणायचे.' माझ्या वर्गातलं कुठलंही पोर बोललं असतं, कारण मीच त्यांना शिकवते की चूक केली तर हात वर करा. मी पर्स छातीशी धरून बसून राहिले. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "भूक लागली वं. पोहे खाऊ चाल, तर्री नाई घेत मी." जणू काही झालंच नाही.

त्या दिवसापासून घर बदललं. माझ्या गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी जेवणासोबत घ्यायची, फॉस्फरस अडवणारी दुसरी गोळी दिली, कॅल्शियम नसलेली. ती घासाबरोबर पोटात गेली तरच उपयोगाची. दर तीन महिन्यांनी गळ्यातल्या ग्रंथींची तपासणी सुरू झाली. डायलिसिसचे चार तास म्हणजे चार तास, अर्धा तास आधी सुई काढा म्हणून गळ घालायची नाही. मी दूध कमी केलं, पाकिटातलं खाणं घरात यायचं बंद केलं. माझ्या पोरीनं तिचे नूडल्स मैत्रिणीकडे खाल्ले. मी तुझ्यामागं पोलिसासारखी लागले. मला वाटायचं, हिला एक कणही जास्त जाऊ दिला नाही, तर आधीचं फिटेल.

तुला ते कळत होतं का? उमरेडच्या लग्नात तू संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्लेस आणि गोळी गाडीतल्या पिशवीत विसरलीस. मी मांडवात सगळ्यांसमोर ओरडले.

"हळू बोल," तू म्हणालीस. "आज मी पेशंट नाही. पाहुणी होय."

"मग मर," मी म्हणाले.

ताई, हे मी बोलले. चार माणसांनी ऐकलं. डायलिसिसला जाणं सोडलं, तर तीन दिवस तू वरून खाली आली नाहीस. चौथ्या दिवशी जेवायला आलीस, दोन घास खाल्लेस, गोळी तोंडात टाकलीस, पाणी प्यायलीस, आणि लहान पोरं दाखवतात तशी जीभ बाहेर काढून मला दाखवलीस. पोरगी खो खो हसली. तू हसलीस. मी उठून स्वयंपाकघरात गेले. माफी मागायची राहून गेली, कारण तू मागूच दिली नाहीस.

डायलिसिसच्या वॉर्डात तर तू पुन्हा कंडक्टरच झालीस. डबे उघडले की तुझी फेरी सुरू. पाय चालत नसतील त्या दिवशी खाटेवरूनच. "गोळी घेतली का गा? जेवल्यावर नाही, जेवता जेवता! काका, ते काय पिऊन राहिले? काळं पानी? ठेवा खाली!" मौद्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले काका तुझ्या शेजारच्या खाटेवर असायचे. एकदा ते म्हणाले, "आमच्या बॉयलरच्या नळ्याईत क्षार बसला तं आमी अॅसिडनं धुऊन काढो. इथं कोनी धुऊन काहून नाही देत?"

तू म्हणालीस, "इथं धुता येत नाही काका, म्हनून बसूच द्याचं नाही. माह्या हाताचा फोटो पाहाचा का?"

आणि तो एक्स-रे तू खरंच पिशवीत घेऊन फिरायचीस. नवीन पेशंट आला की दाखवायचीस. मला ते बघवायचं नाही. तू मात्र त्यांतल्या कुणाला कधी सांगितलं नाहीस की या रेघांमागं एक मॅडम आहे, सहावीला विज्ञान शिकवणारी.

किडनी द्यायची गोष्ट मी काढली तेव्हा तू सरळ नाही म्हणालीस. पोरगी दहावीत आहे, घरात करणारं कोण. दहावी झाली, बारावी झाली. दर वर्षी तुझ्याकडे नवीन कारण. मी चिडायचे. रक्तगट जुळतो, माझ्या तपासण्या चांगल्या आहेत, जावई तयार आहेत, मग तुझं काय जातं?

मग एके दिवशी तूच माझ्या शेजारी येऊन बसलीस. मी वटाणे सोलत होते. तूही एक शेंग उचललीस.

"वंदे, अजून बी देतो का तू?"

"काय?"

"किडनी."

"देतो ना."

"काहून देतो?"

मी म्हटलं, "काहून म्हंजे? तू पाहिजे मले."

तू हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकलेस. मग म्हणालीस, "चालते मंग."

तेव्हा तो प्रश्न मला वेडगळ वाटला होता. त्या आठवड्यात घर कसं उजळलं होतं, आठवतं? माझ्या पोरीनं गूगलवर शोधून, किडनी बदलल्यावर तुला काय काय खाता येईल त्याची यादी केली होती.

तुझ्या पोटाचा स्कॅन झाला. सर्जननं आपल्याला बसवलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. कमरेतल्या ज्या मोठ्या रक्तवाहिन्यांना नवी किडनी जोडायची, त्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र होत्या. हाताच्या एक्स-रेतल्या बारीक रेघा काहीच नव्हेत त्यापुढे. "टाका घ्यायला मऊ जागाच नाही," तो म्हणाला. "चिमटा लावला तरी भिंत तडकेल. मी केलं तर ताई टेबलावरून उठणार नाहीत." चांगला माणूस होता. त्यानं दोनदा सॉरी म्हटलं.

माझी किडनी तिथेच होती, ताई, माझ्या पोटात, धडधाकट. द्यायला तयार. आणि ठेवायला तुझ्यात जागा नव्हती.

रडायला मी लागले. तू नाही. बाहेर येऊन तू माझा हात धरलास. "चाल, बर्डीले जाऊ."

"ताई, वेडी झाली का तू?"

"आजची सुट्टी काढली ना? मंग चाल. माही चप्पल तुटून राहिली."

सीताबर्डीच्या त्या गर्दीत तू तीन दुकानं फिरलीस, घासाघीस केलीस, शेवटी चप्पल माझ्यासाठी घेतलीस. परत येताना ऑटोत मी धीर केला. म्हटलं, "ताई, ते कॅल्शियमच्या गोळ्या..."

"चूप बस," तू म्हणालीस.

"आईक तं..."

"ऑटोवाले भाऊ, जरा जोरात चालवा ना, मले उन्ह लागून राहिलं." आणि तू बाहेर बघायला लागलीस.

त्यानंतर दोन वर्षं मिळाली. बरी वर्षं होती ती, खरं सांगते. तू माझ्या पोरीला नर्सिंगला घालायचा हट्ट धरलास आणि तिला पटवलंस. तुझा फॉस्फरस ताब्यात राहिला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढ्यावर थोपवलंय. पण जे आधी बसलं होतं ते बसलंच होतं. चार पायऱ्या चढलीस की तू थांबायचीस. मी खालून बघायचे, तू कठडा धरून उगीच पदर नीट करायचीस.

त्या सोमवारी, मधल्या दोन दिवसांच्या खंडानंतर, डायलिसिसला जायचं म्हणून तू तयार होऊन बसली होतीस. मी ऑटो आला का ते बघायला फाटकाशी गेले. परत आले तर तू खुर्चीतच मान टाकली होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, त्रास झाला नसेल. मला ते खरं मानायचं आहे.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मौद्याचे काका आले, वॉर्डातल्या सिस्टर आल्या, दोन पेशंट तर सकाळी डायलिसिस करून, हाताला पट्टी तशीच ठेवून आले. भन्तेजींचं वंदन झाल्यावर जो तो तुझी नक्कल करून दाखवत होता. 'जेवल्यावर नाही, जेवता जेवता!' लोक रडता रडता हसत होते.

परवा मी तुझी उरलेली, न उघडलेली औषधं कोणा गरजूला द्यावीत म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "सर, एक सांगायचं राहिलंय. त्या गोळ्या ताई आणत नव्हती. मी आणायचे. त्या दिवशी मी बोलले नाही."

ते म्हणाले, "मला माहीत आहे."

मला कळेना.

"एक्स-रे दाखवलात त्याच्या दुसऱ्याच डायलिसिसला त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. गोळ्यांचं रिकामं पाकीट आणलं होतं. म्हणाल्या, गोळ्या बहिणीनं आणल्या होत्या, तुमच्या कागदावर खरं ते लिहा, किती वर्षं, किती ताकदीची, इलाजात चूक नको व्हायला. पण मी सांगितलं हे बहिणीला कळू देऊ नका." त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. "मी विचारलं, का? त्यांचे शब्द मला पाठ आहेत. म्हणाल्या, 'साहेब, ते एक दिवस मले किडनी देतो म्हनीन. मले तिची किडनी चालते, तिचा दंड नाही चालत.'"

ताई.

मी विचारलं, "सर, त्या गोळ्यांमुळेच झालं का?"

"हेही त्यांनी विचारलं होतं. बी.पी.ची वर्षं, फॉस्फरस, त्या ग्रंथी, सगळ्यांचा त्यात हात आहे. गोळ्यांनी भर घातली असणार. किती, ते कोणीच सांगू शकत नाही. मी म्हटलं, तुमच्या बहिणीशी बोलू का? तर म्हणाल्या, मी सांगीन तिला वेळ पाहून."

वेळ पाहून! सात वर्षं वेळ सापडली नाही तुला? माझं भांडण हे आहे. मी तोंड उघडलं की तू ऑटो जोरात हाकायला लावायचीस. मला दोष लागू नये म्हणून तू मला बोलू दिलं नाहीस, आणि मी बोलले नाही म्हणून तो दोष सात वर्षं माझ्याजवळ राहिला. तू माझ्यासाठी खोटं बोललीस याचे उपकार मानू, की त्या खोट्यात मला एकटं बसवलंस म्हणून रागावू? मला दोन्ही करायचं आहे. रोज करते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, एक काहीतरी कर वं, मले काम आहे.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले तर बाकावर एक बाई बसल्या होत्या. उमरेडकडच्या, हातमागावर काम करणाऱ्या. त्यांच्या लेकीचं त्या दिवशी पहिलंच डायलिसिस होतं. पिशवीत दुधाच्या पावडरचा नवा डबा होता आणि वर गोळ्यांचं पाकीट. ते नाव मी झोपेतही ओळखेन.

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "मावशी, डॉक्टरले विचारलं का हे?"

"दूध अन् ताकदीच्या गोळ्या तं होय, बाई. त्याले काय विचारा लागते?"

"मी बी नोहतं विचारलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, ताई, पहिल्या पाकिटापासून. आजूबाजूचे ऐकत होते, तरी आवाज खाली केला नाही. तुझं नाव घेतलं, आणि माझंही.